वाऱ्याचा आकडा

पठारावरच्या मनोऱ्याला दोराने टांगलेला बिरू वादळात गरगरत होता. खाली पत्र्याच्या खोलीतून त्याची आई ठकूबाई तोंडाला पदर लावून बघत होती. घुमणाऱ्या वाऱ्याचा वेग लेझरच्या झोताला नीट मोजता येत नसे. म्हणून पवनचक्क्यांची कंपनी झोताजवळ माणूस टांगी आणि त्याच्या हेलकाव्यांवरून आकडा सुधारून घेई.

"हा फारच हातपाय झाडतोय," खोलीतल्या पडद्याकडे बघत इंजिनीअर मॅडम वैतागल्या. "सगळे आकडे नासतायत. मावशी, तुम्हीच सांगा त्याला." त्यांनी वॉकीटॉकी पुढे केला.

मेंढरांमागं कड्यावर जाताना द्यायची, तीच शिकवण ठकूबाईनं दिली. "बिरू, वाऱ्याशी भांडू नगंस. घोंगडीवानी अंग सैल सोड."

बिरूनं अंग सोडलं. आकडे लगेच सुधारले.

"आता आणा की माझ्या लेकराला खाली," ठकूबाई म्हणाली.

"खाली? धडपडणाऱ्यांना उतरवतो आम्ही, ते कामाचे नसतात. असा माणूस पहिल्यांदाच मिळालाय. वादळ सरेपर्यंत राहू दे."

ठकूबाईनं वॉकीटॉकी हिसकावला. "बिरू, हातपाय झाड रं! झाड!"

पलीकडून नुसता वारा ऐकू आला. पडद्यावरचे आकडे मात्र आणखीच सुबक होत गेले.