बापदेवाची बाटली

समुद्राकाठच्या खडकावर कालवं काढताना धारदार शिंप लागून जनीचा आणि तिच्या नवऱ्याचा, काळूरामचा, पाय एकाच दिवशी कापला. जनीची जखम हळदीने आठवड्यात भरली. काळूरामची दोन महिने वाहतच राहिली. जनी घाबरली आणि गावाबाहेरच्या बापदेवाला नवस बोलून बसली, "याचा पाय बरा होऊ दे, तुला दारूची बाटली देईन."

मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "रोजच्या दारूने याच्या अंगातली जंतूंशी लढायची ताकदच खाल्लीय. दारू सुटली नाही, तर पाय कापावा लागेल."

काळूरामने सोडली. हात थरथरले, घामाने अंथरूण भिजलं, पण चार महिन्यांनी पाय भरला.

आता नवस फेडायचा होता. देवाला थोडी वाहायची आणि उरलेली ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने प्रसाद म्हणून प्यायची, ही गावाची रीत. सकाळपासून जनी एकामागून एक कामं काढत निघणं लांबवत होती. काळूराम मात्र आंघोळ करून दारात येरझारा घालत होता. "चल ना गो, किती उशीर!"

बापदेवाच्या दगडापुढे जनीने बूच काढलं आणि अख्खी बाटली उपडी केली. "बापा, याचा वाटा पण तूच घे."

गुडघे टेकून काळूरामने ओल्या मातीवर डोकं ठेवलं, ते उचलेचना.

"काय भक्ती हाय बघ याची!" दिवा लावणारा भगत म्हणाला.

जनीला मात्र त्याचं हुंगणं ऐकू येत होतं.