साहेबांच्या कपाळावर ऋजुताचं वर्ष

ऋजुताने वर्षभर कामावर कपाळाला लावलेली, तिचं पाहणं-वाटणं सगळं टिपून ठेवणारी पट्टी दाभाडेसाहेबांनी स्वतःच्या कपाळाला लावली आणि डोळे मिटले. पंपांच्या या कारखान्यात नियमच होता: कुणाचंही मूल्यमापन करण्याआधी साहेबाने त्याचं वर्ष त्याच्याच जिवाने जगून पाहायचं. इतर साहेब त्यातले चार दिवस पाहून उठत. दाभाडे मात्र अख्खं वर्ष पाहत, आणि याचं ऋजुताला मनापासून कौतुक होतं.

आज मात्र त्यांनीही चारच दिवस पाहावेत असं तिला वाटत होतं. पंपाच्या आराखड्यातली तिची चूक त्यांना आता दिसणार होती.

साहेबांनी पट्टी काढली. त्यांना घाम फुटला होता.

"चूक दिसली ना, सर?"

"दिसली. ती झाली तेव्हा मी तुझ्या पाठीमागे येऊन उभा होतो." त्यांनी घाम पुसला. "मी मागे आलो की तुझ्या छातीत इतकं धडधडतं?"

ऋजुताने खाली बघतच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी साहेब मागून आले नाहीत. समोरच्या दाराने आले आणि लांबूनच मोठ्याने खाकरले. सवय नसल्याने त्यांना ठसकाच लागला.

ऋजुताने हसून पाण्याची बाटली पुढे केली.