नारिंगी जर्सी

खालच्या पुलावर नारिंगी जर्सी दिसली आणि देल्फिनाने मूठभर तांदूळ पातेल्यात टाकले.

कॅफेत पाणी कायम उकळत असे, त्यामुळे तेवढा वेळ वाचायचा. पुलानंतर रस्ता चेस्टनटच्या झाडीत शिरतो, तो तिच्या दारापाशीच बाहेर पडतो. चार किलोमीटर, सगळा चढ. तिच्या मुलाला, लोरिसला, तेरा मिनिटं लागतात, तांदूळ शिजायला चौदा. सायकल भिंतीला टेकवून तो हात धुईपर्यंत ताटली समोर यायला हवी, नाहीतर उभ्या उभ्या कोरडा पाव खातो आणि म्हणतो, भूक भागली.

सोमवारी फोनवर तो म्हणाला होता, “पुढच्या शर्यतीआधी उद्यापासून चार दिवस मोकळे आहेत, आई. जमलं तर येतो.” आज त्यातला तिसरा. नक्की कधी ते सांगून येणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ऑक्टोबरनंतर तिने त्याला पाहिलं होतं ते टीव्हीवर, तेही पाठमोरं. फरशीच्या कंपनीच्या नारिंगी संघातल्या नंबर एकच्या गड्यासाठी पाठीवर पाण्याच्या बाटल्या खुपसून तो गर्दीतून पुढे जात होता.

चौदाव्या मिनिटाला तिने भात गाळला. वर तेल सोडलं, चीज किसलं. दार उघडून ठेवलं.

विसाव्या मिनिटाला ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली.

सव्विसाव्या मिनिटाला दारात उभे राहिले ते दाताचे डॉक्टर, बोनाल्दी. तोंड टोमॅटोसारखं लाल, धाप लागलेली. त्यांच्यामागून दोन मिनिटांनी एर्मेते आला, निवृत्त पोस्टमन, साध्या राखाडी जर्सीत.

“रविवार सोडून आज गुरुवारी कसे?” देल्फिनाने विचारलं.

“आमच्या गावच्या संताचा सण ना. दवाखाना बंद,” डॉक्टर खुर्चीत कोसळत म्हणाले. “दोन कॉफी द्या, ताई. आणि बोलायला लावू नका.”

“बोलतील कसे? छातीवर आख्खी फरशीची कंपनी घेऊन चढलेत,” एर्मेते म्हणाला. “ताई, जरा बघा. लोरिसच्या अंगावर कंपनीचं नाव सरळ रेषेत असतं. यांच्या पोटावर ते डोंगराला वळसा घालून जातं.”

डॉक्टर हसले. ही थट्टा त्यांच्या सवयीची होती.

“खरं सांगतो, डॉक्टर, मला पटत नाही. उद्या मी तुमचा पांढरा कोट घालून चौकात फिरलो तर?”

“तुझा नातू फुटबॉलची जर्सी घालून फिरतो, ते चालतं?”

“तो घालून बघायला बसतो. मैदानात उतरत नाही.”

“मी तरी कुठे उतरतो? इथे कोण असतं बघायला?” डॉक्टरांनी कपाळ पुसलं. “त्या झाडीत शिरलो ना, की एखादं मिनिट मला वाटतं, मी त्यांच्यातलाच. मागे सगळे सुटलेत. चढावर आरसा नसतो, एर्मेते. तेवढं एक मिनिट मिळतं.”

“मग मागून मी खोकतो.”

“मग मागून तू खोकतोस.”

देल्फिनाने दोन कप समोर ठेवले. एर्मेतेने तिला सोडलं नाही. “ताई, तुम्हीच निकाल द्या. तुमचा हक्क आहे. ही जर्सी मिळवायला लोरिसला किती वर्षं लागली?”

“अकरा.”

“आणि डॉक्टरांना?”

“अकरा मिनिटं,” डॉक्टर म्हणाले. “फोनवरून मागवली.”

एर्मेते मोठ्याने हसला आणि साखरेसाठी हात लांबवताना त्याचा हात पालथ्या ताटलीला लागला. त्याने ती उचलली. “अरे वा, भात! कोण येणार आहे?”

 देल्फिना फडक्याने कॉफीच्या यंत्राची नळी पुसत राहिली. नळी आधीच स्वच्छ होती.

डॉक्टरांनी भाताकडे पाहिलं. दाणे एकमेकांना चिकटून घट्ट झाले होते. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली, दरीच्या तळाशी, पूल उन्हात स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं.

एर्मेते काहीतरी बोलणार होता. डॉक्टरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“माझं चुकलं,” ते हळूच म्हणाले. त्यांनी जर्सीची चेन निम्म्यापर्यंत खाली ओढली. आत पांढरी बनियन घामाने चिकटली होती. “माझ्या डोक्यातच आलं नाही. यापुढे या रस्त्यावर तरी मी ही घालणार नाही.”

डॉक्टर दारात दिसल्यापासून देल्फिनाला हेच ऐकायचं होतं. ते झाडीतून बाहेर पडले तेव्हा ‘या रस्त्यावर ही जर्सी घालू नका’ असं तिच्या स्वतःच्याच तोंडात आलं होतं.

ती काउंटरच्या मागून बाहेर आली.

“रविवारी साधी घाला,” ती म्हणाली. “रविवारी त्याची शर्यत असते. तो नाही हे मला माहीत असतं.”

“आणि एरवी?” एर्मेतेने विचारलं. आता त्याच्याही आवाजात थट्टा नव्हती.

“एरवी हीच घालून या. तेवढी तेरा मिनिटं मला मिळतात.”

 तिने वाकून डॉक्टरांच्या जर्सीची चेन धरली आणि गळ्यापर्यंत वर ओढली.

“उतरताना लावत जा,” ती म्हणाली. “छातीला वारं लागतं.”