नलिनीचा काळा डबा

“परत अळ्या,” गोकुळ म्हणाला आणि त्याने टॉर्च विझवला.

नलिनी डब्यावर वाकली. पाण्यात सात-आठ अळ्या शेपट्या झटकत वरखाली करत होत्या.

“शक्यच नाही. परवा मी हा डबा राखेने घासलाय.”

“या चार-पाच दिवसांच्या आहेत, बाई.”

“साहेबांशी हुज्जत नको घालू,” ओट्यावरून तिची आई, कोंडाबाई, म्हणाली. सगळी चाळ त्या मलेरियावाल्याला गोकुळभाऊ म्हणे. कोंडाबाई मात्र पोरीला तसं म्हणू देत नसे. सरकारी माणूस, साहेबच म्हणायचं.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात सिल्वासातल्या त्या कामगार चाळीत घरटी एकजण तापाने पडला होता. तेव्हा नलिनीने हा डबा केला. रंगाचा रिकामा डबा, आतून काळा, अर्धा पाण्याने भरलेला, काठाला गोणपाटाची पट्टी. डासाची मादी पट्टीवर नि पाण्यात अंडी घालते. दर पाच दिवसांनी पाणी कोरड्या फरशीवर ओतायचं, पट्टी उकळायची. डासांची एक पिढी अंगणातच संपते. बालवाडीत शिकवणाऱ्या नलिनीने हे एका मासिकात वाचलं होतं, आणि तिला चाळीच्या वीसही अंगणांत असा डबा हवा होता.

गोकुळची एकच अट होती. लागोपाठ दोन तपासण्यांत पाणी साफ निघालं पाहिजे. नाहीतर लोक डबे ठेवतील, ओतायचं विसरतील, आणि ताप दुपटीने येईल.

साफ अंगणात तो पंधरा दिवसांनी येई. अळ्या सापडल्या की चौथ्या दिवशी पुन्हा यायचं, असा त्याला नियम होता. येऊन गेल्याची तारीख तो दाराशेजारी गेरूने लिही. बाकीच्या दारांशी दोन-तीन तारखा होत्या. कोंडाबाईच्या भिंतीवर जागा उरली नव्हती.

“काय गं नलू,” शेजारची वासंती म्हणाली, “डास पकडतेस का पाळतेस?”

“माझी पोर डोकं चालवते,” कोंडाबाई कडाडली. “तुझ्यासारखी धूर करून खोकत नाही बसत. बघशील, सगळी चाळ तिच्या दारी डबा मागायला येईल!”

आईचा हा विश्वास नलिनीला डब्यापेक्षा जड वाटू लागला होता. ती आता रोज पाणी बदलू लागली. पट्टी दोनदा उकळू लागली. आदल्या संध्याकाळी पाणी आरशासारखं असे. सकाळी गोकुळ वाके, आणि अळ्या.

“डबा सोडून देऊ का?” एकदा तिने विचारलं.

“नका सोडू,” तो म्हणाला. “तुमचं गणित बरोबर आहे. चूक कुठेतरी दुसरीकडे आहे. मी शोधून काढतो.”

मग तो शोधू लागला. कौलं पाहिली, पन्हळ पाहिली, मोरी पाहिली. कोंडाबाई दर खेपेला आल्याचा चहा आणी.

“गाव कुठलं म्हणालात, साहेब?”

“साक्री.”

“अगं माय, म्हणजे आमच्याकडचेच! घरी कोण कोण?”

कौलं-पन्हळ तपासून झाली तरी चहा चालूच राहिला. मार्गशीर्षात साक्रीहून गोकुळची आई आली आणि नलिनीची सुपारी फुटली.

योगायोग असा, की पुढच्या तपासणीत डबा साफ निघाला. पंधरा दिवसांनी पुन्हा साफ. गोकुळने चाळीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, “बाईंचा डबा पास. आता घरोघरी.”

रविवारी अंगणात वीस डबे रांगेने मांडले. वासंतीच सगळ्यांत पुढे उभी होती. कोंडाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, “माझ्या नलूने केलंय. एकटीने.” नलिनीचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांत एकदाही आईने तिच्यावर शंका घेतली नव्हती.

पट्ट्यांना गोणपाट कमी पडलं. ते आणायला नलिनी मोरीमागे गेली. पोत्याखाली एक मडकं होतं. तोंडावर दुहेरी फडकं, सुतळीने घट्ट बांधलेलं. तिने सुतळी सोडली. आत पाण्यात जाड जाड अळ्या वळवळत होत्या, आणि बाजूला चहाचा चमचा ठेवला होता.

मागे कोंडाबाई येऊन उभी राहिली. तिने लेकीच्या हातातून फडकं घेतलं आणि मडक्यावर पुन्हा नीट बांधलं.

“असू दे इथेच,” ती म्हणाली. “अक्षता पडेपर्यंत लागलं तर?”