आठ हजार आठशे एक्कावन्न

स्क्रीनवरचा आकडा बदलला तशी मास्तरांची बायको खुर्चीतून उठलीच.

“अहो, आठ हजार आठशे सहा. मघाशी सातशे नव्वद होतं ना? उठला तो. चालायला लागला.”

मोहीम कंपनीच्या त्या दहा बाय बाराच्या ऑफिसात पहाटेपासून तिघंच होती. मास्तर, त्यांची बायको आणि वायरलेसवर बसलेला ऑपरेटर. मुलगा तिकडे, शिखराच्या शंभरेक मीटर खाली, मोडलेला पाय घेऊन एका खडकाला टेकून बसला होता. सहा वाजता तेवढं सांगितलं आणि त्याच्या वायरलेसने मान टाकली. तेव्हापासून त्याच्या अंगावरचं यंत्र दर अर्ध्या तासाने फक्त दोन गोष्टी पाठवत होतं. तो कुठे आहे आणि किती उंचावर आहे. सहाला उंची होती आठ हजार सातशे बासष्ट.

“हट्टी आहे मेला,” बायको रडता रडता हसली. “वर पाय लावल्याशिवाय उतरायचा नाही. तुम्हीच लावलंय हे वेड.”

ते खरंच होतं. दुसऱ्यांच्या घरी जेवताना पोरांना पाढे विचारतात, मास्तर त्या शिखराची उंची विचारायचे. आठ हजार आठशे अठ्ठेचाळीस म्हटल्याशिवाय पानात दुसरी पोळी पडायची नाही. चौतीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी. नव्या मोजणीत शिखर शहाऐंशी सेंटिमीटरने वाढलं, तेव्हा अख्ख्या वर्गाची पुस्तकं गोळा करून त्यांनी स्वतःच्या पेनाने आकडा दुरुस्त केला होता. शिक्षकांच्या खोलीत सगळे पोट धरधरून हसले. हसू देत, म्हणाले, चूक ती चूक.

वायरलेस खरखरला. शेवटच्या कॅम्पवर मुलाचे दोघे सोबती होते. प्राणवायूचे सिलिंडर पाठीला लावून ते कधीचे तयार होते. त्यांना एवढंच कळायला हवं होतं, तो हलतोय का? हलत असेल तर आत्ता निघतो, संध्याकाळपर्यंत गाठतो त्याला.

“हलतोय म्हणावं,” बायको ऑपरेटरला म्हणाली. “सांगा ना. निघा म्हणावं लगेच.”

ऑपरेटरने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो मास्तरांकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यावरून मास्तरांना कळलं की यालाही कळलंय.

त्यांनी चष्मा पुसला. उंचीच्या आकड्याखाली अक्षांश आणि रेखांश होते. सकाळपासून ते एका पाकिटाच्या पाठीवर हे आकडे उतरवून घेत होते. एकाखाली एक, शेवटच्या दशांशापर्यंत सगळे सारखे. मुलगा बसल्या जागेवरून तसूभर सरकला नव्हता. उंची यायची ती त्याच्या मनगटावरच्या घड्याळातून, आणि ते घड्याळ ती हवेच्या दाबावरून ठरवायचं. दाब उतरला की घड्याळाला वाटायचं, आपण चढतोय. दरवर्षी ते वर्गाला सांगायचे, माणूस जागेवर बसून राहिला आणि उंची वाढायला लागली तर समजा, वादळ येतंय. पोरांना त्याची फार गंमत वाटायची.

आज चष्मा घरीच विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. त्या दोघा सोबत्यांपैकी एकाच्या आईचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. तंबूत आहे, सुखरूप आहे, असं ऑपरेटरने त्यांच्यासमोरच सांगितलं होतं.

“सर, तुम्ही म्हणाल तसं,” ऑपरेटर हळूच म्हणाला आणि माइक त्यांच्यापुढे सरकवला.

मास्तरांनी बटण दाबलं.

“तो हलत नाहीये. हवेचा दाब उतरतोय, वादळ येतंय. तुम्ही दोघं खाली उतरा.”

“पण सर, तो तिथे एकटा...”

“उतरा म्हटलं ना.”

आवाज अगदी वर्गातला निघाला.

बायकोने त्यांची बाही धरली. “बाप आहात ना तुम्ही त्याचे?” मास्तरांनी माइक ऑपरेटरकडे परत सरकवला. मग तिने ऑपरेटरचे पाय धरले. तो बिचारा खुर्चीसकट मागे सरकला आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिला. पुन्हा विचारा त्या दोघांना, जाता का म्हणून एकदाच विचारा, असं ती म्हणत राहिली. म्हणून म्हणून थकली आणि तिथेच फरशीवर बसली. बाहेर शेजारच्या दुकानाचं शटर वर गेलं. कुणीतरी कुणाला तरी किल्ल्या कुठे ठेवल्या म्हणून विचारत होतं.

पुढच्या तासाभरात आकडा दोनदा बदलला. दुसऱ्यांदा ऑपरेटर स्क्रीन बंद करायला गेला.

“राहू दे,” मास्तर म्हणाले.

जागा तीच होती, शेवटच्या दशांशापर्यंत. उंची आठ हजार आठशे एक्कावन्न.

बायको फरशीवरूनच वर बघत होती. शिखराचा आठ हजार आठशे अठ्ठेचाळीसचा आकडा तिनेही इतकी वर्षं जेवण वाढता वाढता ऐकलेला होता. मघाचं दाबाचं आणि वादळाचं बोलणंही तिने सगळं ऐकलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “पोचला का हो वर?”

शहाऐंशी सेंटिमीटरसाठी अख्ख्या वर्गाची पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांनी हातातल्या पाकिटाची घडी घातली.

“पोचला,” ते म्हणाले.