हिरवी घडीची खुर्ची

"हॅलोवेला जाऊ का रे मी?" डेव्हन प्रुइटने विचारलं, आणि निक व्रोबेलच्या हातातला ब्रश थांबला.

दोघं सामानाच्या खोलीत बाकावर बसले होते. पुढ्यात रविवारच्या सामन्याचे कोरे चेंडू. कोरा चेंडू हातातून सटकतो. आधी ओल्या फडक्याने पुसायचा, मग ब्रशने घासत राहायचं, कातडं बोटांना धरेपर्यंत. हे काम खरं तर सामानवाल्यांचं, पण डेव्हनला निकच्याच हातचे चेंडू लागत. सहा मोसम झाले, निक घासत होता आणि डेव्हन फेकत होता.

दोघंही अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारे. डेव्हन पहिला, निक दुसरा. पहिल्याचं हाड मोडलं तरच दुसऱ्याला खेळायला मिळतं, आणि डेव्हनची हाडं लोखंडाची होती. पण यंदा त्याचं आणि कोचचं फाटलं. मला दुसऱ्या टीमला देऊन टाका, म्हणून तो हटून बसला. घ्यायला दोन टीम तयार होत्या, एक वाळवंटातली आणि दुसरी हॅलोवेची. कुठे जायचं ते ठरवायचा हक्क करारानेच डेव्हनला दिला होता. संध्याकाळपर्यंत त्याला कळवायचं होतं.

तो कुठेही गेला तरी इथला रविवार निकचा होता. त्याने खरं तर पेढे वाटायचे. सकाळपर्यंत तो खुशीतही होता. मग हॅलोवेचं नाव निघालं. हॅलोवे निकचं गाव.

"वेडबिड लागलंय का तुला?" निक म्हणाला. "नोव्हेंबरात सरोवरावरून काय वारा सुटतो माहितीये? उत्तरेला फेकशील तर दक्षिणेला पडेल."

"आणि माणसं कशी आहेत?"

"एक पास चुकलास की आईबापांचा उद्धार करतील. जिंकलास तरी करतील, सवय म्हणून."

"तू तर तिथलाच ना रे?"

"म्हणूनच सांगतोय, लेका. वाळवंटात जा. डोक्यावर छप्पर, बाहेर बारा महिने ऊन. सुखाने खेळशील."

डेव्हन हसला. निकला हसू आलं नाही. त्याच्या पोटात दुखत होतं, अगदी सरळ सरळ दुखत होतं. इथली जागा डेव्हनने घेतली, ते त्याने गिळलं होतं. डेव्हनचा हातच तसा होता, त्याला कोण काय करणार? पण हॅलोवे का? जगात दुसरी गावं नव्हती?

हॅलोवेच्या स्टेडियमबाहेर मोटारतळाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात निकचे वडील, स्टॅन, प्रत्येक सामन्याला सकाळीच आपली व्हॅन लावत. शेगडी पेटवून पोलिश सॉसेज भाजत, येईल त्याला खाऊ घालत. शेगडीशेजारी एक हिरवी घडीची खुर्ची कायम रिकामी असे. कुणी बसायला गेला की स्टॅन हातातला चिमटा उगारून अंगावर धावत. "ऊठ! ती आमच्या क्वार्टरबॅकची आहे." खुर्ची कुणाची ते निकला शाळेच्या टीमचा क्वार्टरबॅक झाल्यापासून ठाऊक होतं. कॉलेजात असताना, वडील बर्फ आणायला गेलेले पाहून, तो एकदा तिच्यात बसला आणि ऐटीत मागे रेलला. मागच्या पायाची खीळ निसटली आणि तो सपशेल पाठीवर आपटला. उठून त्याने खीळ न ठोकताच खुर्ची जशीच्या तशी उभी करून ठेवली. त्यानंतर तिच्यात कुणी बसलंच नाही, त्यामुळे कुणाला कळलंही नाही.

"खरं सांगू?" डेव्हन म्हणाला. "माझं वाळवंटाचं जवळजवळ ठरलं होतं. पण काल तुझ्या बाबांचा फोन आला."

"माझ्या बाबांचा?"

"गेल्या वर्षी तूच नाही का ओळख करून दिलीस? अर्धा तास बोलत होते. म्हणाले, गावाला उभ्या जन्मात धड क्वार्टरबॅक मिळाला नाही, तू ये. गहिवरले रे बोलता बोलता. तुला नाही बोलले?"

"बोलले की," निक म्हणाला.

बाबा त्याच्याशी फोनवर हवापाण्याबद्दल बोलत. मग म्हणत, बरं, आईला देतो.

"म्हणाले, पहिली मॅच जिंकलास की तडक तळावर ये. सॉसेज गरम असेल. माझ्यासाठी खुर्चीसुद्धा ठेवलीये म्हणे, कधीपासूनची."

निकने दुसरा चेंडू उचलला आणि घासायला लागला. कातडं केव्हाच धरू लागलं होतं, तरी तो घासत राहिला.

डेव्हन उठला. त्याने निकच्या हातून चेंडू घेतला, बोटं शिवणीवर बसवून पाहिली. "चेंडू तयार करावा तर तू. तिकडे हे कोण करून देणार मला?" फोन काढत तो दाराकडे निघाला. दारातून वळला. "ए, ती खुर्ची पाहिलीयेस ना तू? माझं धूड पेलेल?"

निकने फडकं पिळलं.

"दणकट आहे," तो म्हणाला. सकाळपासून हॅलोवेबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता. "मस्त मागे रेलून बस."