काळी एक

केळझरच्या आमच्या भजनी मंडळात माझ्या वडिलांनी पेटीवरून सूर कधीच घेतला नाही. ते गायला लागायचे आणि पेटीवाले चंद्रभानकाका मुकाट्याने त्यांची पट्टी शोधायचे. "पेटी माह्या मागं येते, मी पेटीच्या मागं नाई जात," असं बाबा चारचौघांत सांगायचे. त्याचा तोरा मलाही होता.

म्हणून तर मी मोबाइलमध्ये गाण्याची पट्टी ओळखणारं ॲप घेतलं. भरदुपारी सगळ्या मंडळासमोर बाबांनी अभंग गायला आणि पडद्यावर आलं, काळी एक. काका चाळीस वर्षं हेच सांगत होते.

"आता दुसऱ्या पट्टीत गातो," बाबा म्हणाले.

पडद्यावर पांढरी दोन आलं. बाबांनी गायला अजून तोंडही उघडलं नव्हतं. मग ते गायले, आणि काकांनी पेटीवर ताडून पाहिलं. पांढरी दोनच होती.

तिसऱ्यांदाही तसंच झालं. आधी पांढरी चार आलं, मग बाबांचा आवाज.

काका माझ्याकडे बघत राहिले.

"भेऊन राह्यला का गा, चंद्रभान?" बाबा ताठ बसले. "मशीनले बी माह्या मनातलं समजते. अपेक्षा, धर समोर. आता माह्यावाली काळी एक."

मी मोबाइल धरला. पडद्यावर अक्षरं आली: सूर सापडला नाही.

काकांनी ते वाचलं आणि पेटीचा भाता हळूच बंद केला.

बाबांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि हसतच छातीभर श्वास आत घेतला.